बाईला सांगायचं राहिलंय

९ जानेवारी

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन दोन पॉइंट सहा. दिवाळीच्या आधी दोन पॉइंट एक होतं. हा आकडा जेवढा चढेल तेवढी किडनी खचलेली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये चौदा वर्षं होतील. बसवलेली किडनी एवढी चालली म्हणजे चांगलीच चालली." मयताच्या घरी वय विचारून झाल्यावर लोक असंच म्हणतात. पुढे म्हणाले, घाबरू नका, अजून वर्ष निघेल, कदाचित जास्तही. पण डाव्या हाताचा फिश्चुला आत्ताच करून घ्या. हातातली शीर धमनीला जोडून ठेवायची. ती फुगून जाड व्हायला दोन-तीन महिने लागतात, मग डायलिसिसच्या सुया तिच्यात टोचता येतात. माझा पूर्वीचा फिश्चुला केव्हाच बंद पडला आहे.

मी म्हटलं, "बघते."

"बघू नका, करा. ऐन वेळी मानेत नळी घालावी लागते. तुम्हाला माहीत आहे ते."

माहीत आहे. नागपूरला नऊ महिने माहीत करून घेतलं आहे.

गोंडपिपरीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. सगळा वेळ एकच विचार. हाताला पट्टी दिसली की बाई विचारणार, काय झालं वं हाताले? बाईला काय सांगू?

११ जानेवारी

काल काही लिहिलं नाही. उठले, गोळ्या घेतल्या, भात टाकला, झोपले. पुन्हा उठले, गोळ्या घेतल्या. हा थकवा झोपून जात नाही, कारण तो झोपेतही बरोबर असतो.

अजयचा हैदराबादहून फोन आला. थकल्यासारखं वाटतं म्हटलं तर म्हणाला, "आई, थोडं चालत जा सकाळी." त्याचा काय दोष. त्याला दोन पॉइंट सहा सांगितलं नाही. त्याला सांगितलं तर तो मावसभावाला, आदेशला सांगणार, आणि आदेश बाईला. आदेश बाईचा मुलगा, त्याच्या पोटात काही राहत नाही.

रोज लिहायची सवय सिस्टर लुसींनी लावली. कॉन्व्हेंटमध्ये बोर्डिंगच्या मुलींना जेवणानंतर दहा ओळी लिहाव्या लागत. खोटं लिहिलं तर सिस्टरना अक्षरावरून कळतं, अशी आमची पक्की समजूत होती. आता गोळ्यांमुळे माझा हात कायमच थरथरतो. अक्षरावरून कोणाला काहीच कळणार नाही.

२ फेब्रुवारी

बाजाराचा दिवस. बाई आदेशच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर मासोळीचं टोपलं धरून आली. मासोळी विकून झाली की माझ्या घरी, हे ठरलेलं. पायरीवरूनच ओरडली, "काय वं साधना, पोटातली कशी आहे?"

आम्ही थोरल्या बहिणीला बाई म्हणतो. तिचं नाव मनकर्णा. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. माझ्या पोटात उजवीकडे आहे ती किडनी तिची.

"मजेत आहे," मी म्हटलं.

"पानी पाजून राह्यली ना तिले?"

"हो गं."

"मंग तू काऊन अशी सुकून गेली? सारं तिलेच चारते का काय?"

मी हसले. तीही हसली. मग ती माठातलं पाणी तांब्याभर एका दमात प्यायली आणि तिनं पुन्हा एक तांब्या घेतला. ऊन आत्तापासूनच चढायला लागलंय. बारीक झाली आहे ती, लुगडं सैल बसतं. मला बरं वाटलं, गुडघ्यांवरचा भार उतरला असेल. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मांगूर मासोळीचा काटा गेला म्हणे, महिना झाला, जखम भरत नाही. हळद लाव म्हटलं.

तिला सांगण्यासाठी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती काहीतरी गमतीचं सांगत होती.

६ फेब्रुवारी

दुपारी पडून राहिले आणि बा आठवले. लटारू ढिवर. दर शुक्रवारी चंद्रपूरला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात मासोळी पोचवायचे, कारण शुक्रवारी तिथे मटण चालत नसे. एकदा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुझ्या दोन मुलींपैकी एक आमच्याकडे दे, शिकवू. बांनी घरी येऊन आम्हा दोघींना समोर उभं केलं. बाई दहा वर्षांची होती. तिचा हात जाळ्यावर बसला होता, डोंग्यात ती बांच्या बरोबरीनं उभी राहायची. मी पाच वर्षांची, मला कशातच काही येत नव्हतं. म्हणून मला दिलं.

एवढंच कारण. माझी हुशारी वगैरे काही नव्हती. मी निरुपयोगी होते.

पुढे बाई बांबरोबर टोपलं घेऊन मागच्या दाराशी यायची. सिस्टर लुसी इंग्रजीत विचारायच्या, मी बाईला मराठीत सांगायची, आणि बाईचं उत्तर परत इंग्रजीत. गावात जाऊन बाईनं सगळ्यांना सांगितलं, "आमची साधना मासोळीचा भाव इंग्रजीत बोलते." कितीतरी वर्षं सांगत होती. तिच्या आवाजात हेवा कुठे असेल म्हणून मी अजून आठवून आठवून शोधते. सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं.

२३ फेब्रुवारी

बाई आली होती. मी बोटाला सुई टोचून साखर तपासत होते. या गोळ्यांनी माझी साखर वाढते, त्यामुळे हे रोजचंच. ती शेजारी बसून पाहत होती.

"किती असावं लागते हे?"

मी सांगितलं.

"अन् जास्त असलं तं?"

मग मी माझ्या जुन्या मास्तरकीच्या सुरात सगळं समजावलं, डोळे, पाय, किडनी. सव्वीस वर्षं शाळेत शिकवल्यावर दुसऱ्या सुरात सांगता येत नाही. ती फार लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, गावातल्या एकीला झालंय, तिच्यासाठी विचारते. मग बोट पुढे केलं. "माही पाह्य बरं, मजा म्हनून."

डबीत दोनच पट्ट्या उरल्या होत्या, आणि मला उठून हात धुवायचाही कंटाळा आला होता. म्हटलं, "नवी डबी आणली की पाहू."

"पाहू," ती म्हणाली.

११ मार्च

चौदा वर्षं झाली. या तारखेला बाई येते आणि मी तिला रांधून घालते, असं आमचं आहे. दर वर्षी भांडण तेच. ती येतानाच मासोळी घेऊन येते आणि साफही स्वतःच करते, म्हणजे मी रांधायचं ते फक्त नावाला.

आज रोहू आणली, सव्वा किलोची. अंगणात विळीवर बसली. खवले उडत होते, मी खुर्ची लांब सरकवून पाहत होते. पोट फाडून तिनं पित्ताची हिरवी थैली अलगद, न फोडता काढली. हे काम बांनी आम्हाला पहिल्यांदा शिकवलेलं. ती फुटली की सगळी मासोळी कडू होते. मी म्हटलं, फेक ना ते कोंबड्यांना. तर तिनं पळसाच्या पानात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

"कशाला गं?"

"म्हशीले."

"तुझ्याकडे म्हैस कुठे आहे?"

"म्हैस नाई तं मीच आहो ना!" म्हणून स्वतःच हसत सुटली. मीही हसले. किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

भात तिनं चिमूटभरच घेतला. मी आग्रह केला तर म्हणाली, आता वय झालं, भात जिरत नाही. आमच्या धानाच्या मुलखात भात न खाणारं माणूस पाहून कसंतरी झालं. तरी मासोळीचा रस्सा दोन वाट्या प्यायली.

आज सांगायचं ठरवलं होतं. आजच्या दिवशी कसं सांगणार?

१४ मार्च

बाईची सून करिष्मा फोनवर म्हणाली, आईला परवा दिवसभर उलट्या झाल्या, आता ठीक आहे. उन्हातून मोटारसायकलवर गेल्या, उष्माघातच असणार. लिंबू-मीठ-पाणी दे म्हटलं.

४ एप्रिल

तीन पॉइंट शून्य.

डॉक्टर रागावले. रागावले की ते मला मॅडम म्हणायचं सोडतात. "साधनाताई, तुम्ही शिकलेल्या बाई. तुम्हाला मी काय वेगळं सांगू?" एकवीस तारीख दिली. फिश्चुला त्या दिवशी करायचाच. बरोबर कोणीतरी आणा.

बरोबर कोणाला आणू? अजयला रजा काढायला लावली तर सगळं उघड होईल. शेजारच्या गिरजाबाईंना म्हणावं, तर त्यांचं तोंड म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा.

मला भीती नेमकी कशाची वाटते ते आज स्वतःला विचारलं. बाई रडेल याची? ती रडणारी नाही. ती रागावेल याची? रागावू दे. मला वाटतं, मला त्या एका क्षणाची भीती वाटते, ज्या क्षणी ती काही न बोलता स्वतःच्या कमरेवरच्या त्या लांब वणाला हात लावील. टाके भरायला तिला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले होते. पहिल्या पावसाळ्यात ती धानाच्या रोवणीला वाकू शकली नव्हती. आणि मी ती वस्तू वापरून संपवली.

गोळी मी कधीच चुकवली नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही. हे सांगायचं कोणाला?

१७ एप्रिल

गावी जाऊन आले. मच्छीमार सोसायटीच्या तलावाची वर्षाची शेवटची ओढ होती. पाणी उतरलं की सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. ठरवून गेले होते, आज सांगायचंच. चार दिवसांवर ऑपरेशन.

मी तोंडाला मास्क लावून बोरीच्या सावलीत बसले. सोसायटीचे सुकलूभाऊ म्हणाले, "मावशी अजून कोरोनातच आहे का?" सगळे हसले. गर्दीत जंतू लागतात, माझं अंग लढत नाही, बसवलेल्या किडनीशी लढू नये म्हणूनच तर गोळ्या आहेत. हे त्यांना कोण सांगत बसणार.

बाई गुडघाभर चिखलात उभी राहून पुरुषांना शिव्या देत होती. "अरे पोचू, जाळं ओढून राह्यला का बायकोचा हात धरून राह्यला?" अंगठ्याची चिंधी तशीच. जाळं काठाला लागलं तेव्हा पाणी उकळल्यासारखं झालं. एक रोहू तर चार किलोच्या वर. तिच्या वाट्याला तीच आली. ती छातीशी धरून माझ्याकडे आली, अंगावर चिखल, आणि तोंड लहान मुलीसारखं.

"पाह्य वं साधना! बाच्या टायमाची मासोळी आहे ही!"

मला सांगता आलं नाही. कोणाला आलं असतं?

जेवून शेवटच्या बसने परत आले. निघताना ती चुलीमागे बसून त्या रोहूचं पोट साफ करत होती. पित्ताची थैली केवढी, चिंचोक्याएवढी नाही, चांगली आवळ्याएवढी. पुन्हा तेच पान, तीच पिशवी. या वेळी मी विचारलं नाही, बस चुकली असती.

२० एप्रिल

दुपारी करिष्माचा फोन.

"मावशी, आईले तीन दिवस झाले, वकाऱ्या थांबून नाई राह्यल्या. इथल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. आता पाय सुजले, तोंडबी सुजलं."

मी विचारलं, "लघवी?"

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "काल सकाळपासून गेलीच नाई."

मला खुर्चीत बसल्याजागी सगळं दिसलं. पंधरा वर्षांपूर्वी मी अशीच सुजले होते. आणि माझ्याकडे तेव्हा दोन होत्या, वाईट का होईना. तिच्याकडे एकच.

आवाज कुठून आला कोण जाणे. मी म्हटलं, "सलाईन काढायला सांग. आत्ता. पाण्याचा थेंब देऊ नको. आदेशला म्हण, गाडी कर आणि सरळ चंद्रपूर. डॉक्टरांना पहिल्यांदा सांग की तिला एकच किडनी आहे. पहिल्यांदा हेच सांग, नाव नंतर."

मी बसने निघाले. सामान काही घेतलं नाही, फक्त गोळ्या.

२१ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. काल संध्याकाळीच तिच्या मानेत नळी घालून डायलिसिस केलं. क्रिएटिनिन नऊ पॉइंट चार. साखर तीनशे साठ.

डॉक्टर माझेच. त्यांनी तिला विचारलं, काय औषध घेतलं? ती भिंतीकडे पाहत राहिली. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, जाळ्यानं कापून कापून घट्टे पडलेले हात, आणि विचारलं, "मासोळीचं पित्त घेतलं का?"

बाईनं हात पदराआड घेतले. करिष्मा रडायला लागली. "बाजारात एकीनं सांगतलं होतं, साखरेवर रोहूचं पित्त चांगलं. मी नको म्हन्लं होतं जी. मागच्या महिन्यात घेतलं तवा लहान होतं. या बखत मोठं होतं."

डॉक्टर म्हणाले, वर्षाला एक-दोन असे येतात, तलावाकडचे. मोठ्या मासोळीचं पित्त म्हणजे किडनीला विष. दोन किडन्या असलेली माणसंही आडवी होतात. किडनी सावरण्याची आशा आहे, पण सांगता येत नाही. दिवसाआड डायलिसिस करत राहायचं आणि वाट पाहायची.

तहान, चिंधी, सैल लुगडं, चिमूटभर भात. पुढे केलेलं ते बोट. सगळं मी माझ्याच हातानं या वहीत लिहून ठेवलं आहे. मागची पानं उलटली आणि वही मिटून टाकली.

जाता जाता डॉक्टर मला म्हणाले, "आज तुमची तारीख होती." आदेश शेजारीच उभा होता. मी डोळ्यांनी त्यांना थांबवलं.

२६ एप्रिल

चौथं डायलिसिस झालं. लघवी नाही.

बाई शुद्धीवर आहे, पण चिडलेली. पाणी मोजून देतात. "मासोळीच्या पोरीले पानी मोजून देतेत," म्हणाली.

आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? दिवाळीपासून तुला साखर आहे, करिष्मानं सांगितलं."

"सांगतलं असतं तं तू काय म्हन्ली असती?"

"डॉक्टरकडे नेलं असतं."

"नाई. तू म्हन्ली असती, मले एक दिली म्हनून बाईले हे झालं. अन् मंग बसली असती रडत. तुले मी ओळखतो का नाई?" थोडा दम खाऊन म्हणाली, "वाटलं, गुपचूप बरी होऊन जाईन. तुले कायले तरास."

मी उठून तिची चादर नीट करू लागले. तिला वाटलं मी तिच्यावर रागावले. म्हणाली, "आता चूप नको बसू वं. चुकलं माहं."

मी तिचे पाय चेपत बसले. सूज दाबली की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. दाबायची, पाहायची. पुन्हा दाबायची.

३० एप्रिल

काही नाही. सहावं झालं. बाहेर पंचेचाळीस डिग्री. बाकावर झोप, बाकावर चहा. अजय दोन दिवस येऊन गेला. मला पाहून म्हणाला, "आई, तू पण तपासून घे." तपासून घेतलं. कागद न पाहताच पर्समध्ये ठेवला.

लहानपणीच्या सगळ्या प्रार्थना पाठ आहेत, इंग्रजीतल्या. त्यांतली एकही तोंडावर येईना. बा पहिल्यांदा पाण्यात जाळं टाकताना जे पुटपुटायचे ते आठवायचा प्रयत्न केला. तेही येईना. नुसतीच बसले.

३ मे

सकाळी करिष्मा वॉर्डमधून धावत आली. सगळी बाकं ऐकतील अशी ओरडली, "मावशी! झाली! वाटीभर झाली!"

आदेश उठून उभा राहिला आणि मग काय करावं ते न कळून पुन्हा बसला. समोर बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानं हात जोडले. त्यालाही कळलं होतं कशाबद्दल आहे ते. या मजल्यावर सगळ्यांना कळतं.

आत गेले तर बाई म्हणते, "पाझर लागला पाह्य."

१६ मे

सोडलं. क्रिएटिनिन दोन पॉइंट शून्यवर थांबलं आहे. डॉक्टर म्हणतात, याहून फार खाली येणार नाही, पण डायलिसिस नको. इन्सुलिन सुरू. पित्ताचं नाव काढायचं नाही. बाईनं करिष्माच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, करिष्मानं तो हात उचलून आदेशच्या डोक्यावर ठेवला. "माह्या डोक्शाचा भरोसा नाई मले," म्हणाली.

पंधरा दिवस माझ्याकडे राहायला आणलंय. कूलर आहे, आणि इन्सुलिन टोचायला मी आहे.

पर्समधला कागद आज पाहिला. तीन पॉइंट सात.

२४ मे

आज सांगितलं.

सकाळी दहा वाजता. ती कूलरसमोर बसून फाटकं जाळं सांधत होती. आदेशकडून मागवून घेतलं होतं, रिकामं बसवत नाही म्हणून. मी माझ्या गोळ्या घेतल्या आणि पाण्याचा पेला हातात असतानाच म्हटलं, "बाई, तू दिलेली किडनी जात चालली आहे. वर्षही निघणार नाही."

तिचे हात चालतच राहिले. दोन गाठी मारून झाल्या.

"कवापासून माहीत आहे तुले?"

"जानेवारीपासून."

आता हात थांबले. "पाच महिने?"

"हो."

"पाच महिने एकटीच घेऊन बसली? सारं गाव म्हन्ते साधना शिकली. काय शिकवलं वं त्या सिस्टरांनं तुले? तोंड बंद ठेवायचं?" असं बरंच काही. मोठ्यानं. गिरजाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, तर त्यांनाही ऐकवलं, "तमाशा नाई इथी, घरी जा!"

मी रडत होते. म्हटलं, "मी नीट सांभाळली गं. खरंच सांभाळली. एक गोळी चुकवली नाही."

"कोन म्हन्ते नाई सांभाळली?" तिनं हातातलं जाळं माझ्यापुढे धरलं. "हे पाह्य. तीन वर्सांचं आहे, अन् ठिगळच ठिगळ. बाचं एक जाळं पाच वर्सांवर नाई गेलं. बासारखा सांभाळनारा होता का कोनी? चौदा वर्सं म्हन्जे काय थोडी झाली?"

"पण तुझी—"

"माही इथी आहे," तिनं स्वतःच्या कमरेवर हात मारला, वण नाही त्या बाजूला. "हे माही, अन् हिचीच मी वाट लावून घेतली. ते तुही होती. तुले देली तवाच तुही झाली. मले विचारून वापरत होती का काय?"

कूलरचं पाणी संपून तो नुसताच खडखडत होता. तिनं उठून बादली आणायला पाऊल टाकलं, मी म्हटलं थांब मी आणते, ती म्हणाली बस खाली. अर्धी बादली तिनं आणली, अर्धी मी.

दुपारी झोपेतून उठल्यावर तिचं पहिलं वाक्य: "हाताचं ऑपरेशन कवा आहे?"

५ जून

काल फिश्चुला झाला. हात दुखतो आहे. मनगटावर कान ठेवला तर आत घरघर ऐकू येते, म्हणजे जमला म्हणतात. लिहायला उजवा हात मोकळा आहे.

बाई बरोबर होती. करिष्मा येते म्हणाली तर हिनं तिला घरी बसवलं. ऑपरेशन झाल्यावर मला वाटलं, आता सरळ बस स्टँड. तर तिनं माझा उजवा हात धरला आणि जिना चढायला लागली.

"कुठे?"

"चाल तं."

डायलिसिसच्या खोलीच्या दाराशी नेलं. माझे पाय थांबले. नागपूरची नऊ महिन्यांची खोली अशीच होती, वासही हाच. तेव्हा बाई बाहेर बसून राहायची, आत कोणालाच सोडत नसत. चौदा वर्षं मी अशा दारासमोरून जातानाही दुसरीकडे पाहते.

"मी येत नाही," मी म्हटलं.

"मी आली होती ना आत," ती म्हणाली. "आठ खेप."

चपला काढून ती आत शिरली. आतल्या नर्स ओरडल्या, "काय मनकर्णाबाई, पुन्हा आल्या?" ही म्हणते, "माहं नाई, हिचं आहे. दाखवून देतो."

आणि मग तिनं मला ती खोली दाखवली, जशी नव्या सुनेला घर दाखवावं. दारापाशीची खाट नको, येणाऱ्या-जाणाऱ्याची चप्पल वाजते, झोप लागत नाही. तिच्या बाजूची नको, एसीचं पाणी टपकते. कोपऱ्यातली चांगली, खिडकीतून कडुनिंब दिसतो. पहिल्या तासाला थंडी वाजते, चादर घरचीच आणजो, इथली पातळ आहे. सुई या पोरीच्या हातून टोचून घेजो, तिचा हात हलका आहे, तिचं नाव साधनाच आहे, पाह्य. ती पोरगी लाजली.

कोपऱ्यातली खाट रिकामी होती. बाई तिच्यावर आडवी झाली, लुगडं नीट केलं, आणि डावा हात कसा सरळ, सैल, पालथा न ठेवता उताणा ठेवायचा ते करून दाखवलं.

"असा," ती म्हणाली. "घट्ट नाई करायचा. कळलं का?"

मी तिच्या शेजारी उभी राहून पाहून घेतलं. मग ती सरकली, मला जागा केली, आणि मी बसले.